सतरा एकांचा आकडा

मुलगी गेली त्यानंतर आमच्या घरात बोलायला विषय उरला नव्हता. ती नुकती चालायला लागली होती. तापाने गेली. मी तेव्हा सोलापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. सकाळी जेवून जायचो, संध्याकाळी परत यायचो. बायको चहा पुढे ठेवायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. तेलुगू विणकरांच्या वस्तीला लागून आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर शेजारच्या मागांची खटखट चाले, त्यामुळे आमच्या घरात कोणी बोलत नाही हे शेजारी कोणाच्या लक्षात आलं नसावं.

आकडा माझ्या डोक्यात वर्गातून आला. भागाकाराचा सराव द्यायचा असला की मी फळ्यावर नुसते एक लिहीत असे. एकशे अकराला सदतिसाने भाग जातो. पाच एक मांडले तर एक्केचाळीसाने जातो. सात एक मांडले तर दोनशे एकोणचाळीसाने. एकांची संख्या सम असली, किंवा तिला तिनाने वगैरे भाग जात असला, की काम सोपं असतं. पण एकांची संख्या स्वतःच मूळसंख्या असली, म्हणजे जिला एकाशिवाय आणि स्वतःशिवाय कशानेच भाग जात नाही अशी, तर मोठी पंचाईत होते. अकरा एकांचा आकडा मी सुट्टीत बसून फोडला होता. त्याला एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासाने भाग जातो. तेरा एकांचा तर अगदीच सोपा निघाला, त्रेपन्नानेच फुटला. पुढचा सतरा एकांचा. जुन्या मोजणीप्रमाणे परार्धाच्या एक घर अलीकडे थांबणारा. त्याला कशाने भाग जातो, की जातच नाही, हे मला ठाऊक नव्हतं आणि सोलापुरात मला सांगू शकेल असं कोणी नव्हतं.

एका संध्याकाळी मी पाटीवर भागाकार करत बसलो होतो. बायको मागे येऊन उभी राहिली. तिचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलं.

"इथे हातचा चुकला," ती म्हणाली.

पाहिलं तर खरंच चुकला होता. मी पाटी पुसली. ती तिथेच उभी राहिली, मग जरा वेळाने म्हणाली, "दुसरी पाटी आहे का?"

त्या दिवसापासून आम्ही समोरासमोर बसू लागलो. मी तिला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक आकड्याने भागून बघायची गरज नाही. या आकड्याला भागणारी मूळसंख्या असलीच, तर तिच्यातून एक वजा केल्यावर उरलेल्याला चौतिसाने भाग जायलाच हवा. म्हणजे एकशे तीन, एकशे सदतीस, दोनशे एकोणचाळीस, असं पुढे. आणखी एका नियमाने त्यातल्या निम्म्या गळतात. राहिलेल्यांनी भागत जायचं. बाकी शून्य आली की झालं.

"आणि नाहीच आली तर?" तिने विचारलं.

"नाहीच आली तर साडेदहा कोटींपर्यंत भागत जावं लागेल. मग म्हणता येईल की याला भाग जात नाही."

"तेवढा जन्म पुरेल का?"

"नाही पुरणार."

ती हसली. मुलगी गेल्यानंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पाटीवरचा भागाकार पुसून टाकायचा आणि ज्याने भाग गेला नाही तो आकडा आतल्या खोलीच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा, असं आम्ही ठरवलं. कागद वाळवी खाते, भिंत कुठे जात नाही, असं ती म्हणाली. भिंतीच्या माथ्यावर मी ठळक अक्षरात सतरा एक लिहिले. त्याखाली ओळी वाढत गेल्या. तिचे आकडे बारीक आणि सरळ रेषेत असत, माझे उताराला लागलेले. भाकरी थापता थापता ती भिंतीकडे बघून सांगे, "अहो, कालचा तो तुमचा, तिनाने जातो. त्याने भागायलाच नको होतं." चार वर्षं आम्ही हे केलं. कोणाच्या घरी बसायला गेलो नाही, की कोणाला बोलावलं नाही. लोकांना आम्ही माणूसघाणे वाटलो असू. मला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी जायची ओढ लागायची, एवढं मला पुरेसं होतं.

तीस सालच्या उन्हाळ्यात आम्ही एकोणीस लाखांच्या थोडं पुढे गेलो होतो. त्याच उन्हाळ्यात शहरात गोळीबार झाला, पोलीस काही दिवस गायब झाले आणि मग लष्कर आलं. मार्शल लॉ पुकारला गेला. डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी माणसाला धरून नेत. मी काळी टोपी घालणारा. मिरवणुकीला मी कधी गेलो नव्हतो. सभेला गेलो तरी लांब उभा राहून परत यायचो. आमच्या गल्लीची झडती सुरू झाली तेव्हा मी निर्धास्त होतो. घरात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

सकाळची वेळ होती. दोन शिपाई आणि एक गोरा सार्जंट आत आले. डबे उघडून पाहिले, अंथरुणं झटकली. त्या दोघांतला एक पोलीस शिपाई इथलाच, माझ्या ओळखीचा नसला तरी आमच्याच भागातला असावा. तो आतल्या खोलीत गेला आणि दारातच थबकला.

"मास्तर, हे काय हाय?"

"गणित आहे."

"एवढं? भिंतभर?"

"हो."

त्याने सार्जंटला बोलावलं. सार्जंट भिंतीजवळ गेला, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळला. त्या दिवसांत शहरात रेल्वेचे डबे, गिरणी कामगारांचे बिल्ले, पोलिसांच्या बंदुका, सगळ्यांचे नंबर संशयाने बघितले जात होते. आमच्या भिंतीवर तर नंबरांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मला पायांत वहाणा घालायला सांगितलं. बायको दाराला धरून उभी होती. मी तिला म्हणालो, "समजावून सांगतो आणि येतो."

एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात मला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मग आत नेलं. टेबलापाशी एक तरुण गोरा अधिकारी होता आणि दुभाषा म्हणून बाहेरगावाहून आणलेला एक फौजदार. मला इंग्रजी येत होतं, पण साहेबाने मला विचारायचं ते फौजदारालाच विचारलं.

"हे सतरा कोण आहेत, असं साहेब विचारतात."

"कोण नाहीत. सतरा एक आहेत. एक आकडा आहे."

"आणि खालचे?"

"त्या आकड्याला ज्यांनी भाग जात नाही ते."

फौजदाराने ते सांगितलं. साहेबाने काहीतरी लिहून घेतलं आणि पुन्हा विचारलं, भाग न जाणारे आकडे लिहून ठेवायचं कारण काय. मी म्हणालो, भाग जाणारा सापडेपर्यंत लिहावे लागतात, चार वर्षं लिहितो आहोत. तो कधी सापडेल? सांगता येत नाही. सापडल्यावर त्याचा उपयोग काय?

"उपयोग काही नाही," मी म्हणालो.

फौजदार थांबला. हे वाक्य त्याने इंग्रजीत सांगितलं नाही. माझ्याकडे थोडं वाकून मराठीतच म्हणाला, "मास्तर, असं बोलू नका. चार वर्षं बिनउपयोगाचं कोणी करतं का? साहेबाला ते पटणार नाही, मलाही पटत नाही. ज्योतिष आहे म्हणा. कुंडलीचं गणित म्हणा. आमच्याकडे असतं असं मी सांगतो, संध्याकाळच्या आत घरी जाल."

मला ते जमलं नाही. आज विचार करतो तेव्हाही मला वाटतं, मी काही शौर्य केलं नव्हतं. वर्गात मुलाने उत्तर चुकीचं सांगितलं की तोंडातून 'नाही' निघतं, तसंच ते निघालं. "ज्योतिषाशी त्याचा काही संबंध नाही," मी सरळ इंग्रजीत साहेबालाच सांगितलं. फौजदाराने माझ्याकडे पाहणं सोडून दिलं. साहेब म्हणाला, उद्या आपण ती भिंत बघू, तुम्ही मला ती ओळीने समजावून सांगा.

मला त्या रात्री कोठडीत झोप लागली, हे सांगायला हवं. उलट मला बरंच वाटत होतं. साहेब शिकलेला दिसत होता. भिंतीसमोर उभं करून त्याला चौतिसाचा नियम सांगितला की त्याला पटेल, अशी मी मनात मांडणी करत होतो. पहिल्यांदाच कोणीतरी परका माणूस ते काम बघणार होता.

दुसऱ्या दिवशी मला हाताला दोर बांधून घरी आणलं. गल्लीतली दारं बंद होती. आत शिरलो तर चुन्याचा वास आला. आतली भिंत पांढरीफेक होती. अजून ओली होती, आणि जिथे चुना पातळ बसला होता तिथे कोळशाचा करडा डाग दिसत होता. एकही आकडा वाचता येत नव्हता. बायको कोपऱ्यात उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने भरलेले होते.

मला जिथे बसवून ठेवलं होतं त्याच कचेरीत तिचा धाकटा भाऊ कारकून होता. तो आदल्या संध्याकाळी मागच्या दाराने आला होता. "अक्का, भिंत आधी पुसून काढ," त्याने तिला सांगितलं होतं. "पुरावा राहिला तर दाजी सुटायचे नाहीत." चुनाही त्यानेच आणून दिला. त्यानेही भल्यासाठीच सांगितलं, तिनेही भल्यासाठीच केलं.

साहेब भिंतीपाशी गेला. बोट लावून पाहिलं, बोटाला चुना लागला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काल तुम्ही सांगितलंत की हे फक्त गणित आहे."

मी बायकोच्या हातांकडे पाहिलं.

"गणिताला कोणी चुना फासत नाही," तो म्हणाला, आणि बाहेर निघून गेला.

मार्शल लॉ उठेपर्यंत मी तुरुंगात होतो. माझ्यावर आरोप काय, हे मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. माझ्या बराकीत बाकीचे झेंड्यासाठी, टोपीसाठी, भाषणासाठी आलेले. सुरुवातीला त्यांनी मला मानाने जवळ बसवलं. मास्तर आहेत, गुप्त काम करत असणार, असं त्यांच्यात पसरलं होतं. एकाने हळूच विचारलंही, "कोणाचे नंबर होते?" मी खरं सांगितलं. तो मोठ्याने हसला, मग बाकीच्यांना सांगितलं, तेही हसले. त्यातला एक वयस्कर पुढारी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "मास्तर, बाहेर असं सांगत फिरू नका. देशासाठी आलो होतो म्हणा. तुमचंही बरं दिसेल, आमचंही." त्यानंतर मला जेवायला कोणी जवळ बोलावलं नाही. सुटलो त्या दिवशी फाटकाबाहेर लोक हार घेऊन उभे होते. गर्दीत एक हार माझ्याही गळ्यात पडला. थोडं पुढे जाऊन मी तो काढला आणि एका ओट्यावर ठेवून दिला.

घरी आलो तेव्हा बायकोने पाणी तापवून ठेवलं होतं. तिने जेवायला वाढलं. मग म्हणाली, "ज्योतिष म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तुला कोणी सांगितलं?"

"भावाने. तो फौजदार कचेरीत सगळ्यांना सांगत होता. हसत होते सगळे."

मी म्हणालो, "आणि तू चुना लावला नसतास तर काय बिघडलं असतं?"

ती उठून ताटं उचलू लागली. आमच्यात त्यावरून भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

शाळेत हेडमास्तरांनी मला दाराशीच गाठलं. वर्गात जाऊ दिलं नाही. त्यांच्या खोलीत त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. "तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही," ते म्हणाले. "पण शाळेला ग्रँट आहे. वरून विचारणा झाली आहे. तुम्ही चळवळीत असता तर निदान कमिटीतले दोघेतिघे तुमच्या बाजूने उभे राहिले असते. तुम्ही चळवळीतही नाही. मी कोणाला काय सांगू?" मी राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो नीट वाचला आणि तारीख राहिली आहे म्हणून परत माझ्यापुढे सरकवला.

मेव्हण्याच्या खटपटीने एका गिरणीत हजेरी-कारकुनाची जागा मिळाली. भोंगा झाला की फाटकाजवळच्या खिडकीत बसायचं आणि येणाऱ्यांची हजेरी मांडायची. तिथे मला कोणी मास्तर म्हणत नसे.

पावसाळ्यात एकदा मी पाटी काढली. तिला विचारलं, "आपण नेमके कुठपर्यंत आलो होतो? शेवटचा आकडा तुझाच होता."

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

तिला आठवत होतं. किराणा दुकानातले तीन महिन्यांपूर्वीचे भाव तिच्या तोंडावर असत. मी पुन्हा विचारलं नाही. एकोणीस लाखांपासून मी एकट्याने सुरुवात केली. मी पाटी घेऊन बसलो की ती दुसऱ्या खोलीत जाई आणि ज्वारी निवडत बसे, निवडून झालेली असली तरी. समोर कोणी नसलं की माझे हातचे चुकत. एक भागाकार तीन-तीनदा करावा लागे. महिनाभरात मी पाटी फळीवर ठेवून दिली.

त्यानंतर काही वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी पुण्याचे गणिताचे एक प्राध्यापक बसले होते. मी आधी शिक्षक होतो हे कळल्यावर त्यांनी आपुलकीने चौकशी केली. बोलता बोलता मी सतरा एकांचा विषय काढला.

"ते फुटलंय," ते भातावर वरण घेत म्हणाले. "केव्हाच. युरोपात कोणीतरी फोडलं. अवयव आता मला आठवत नाहीत, पण आमच्या लायब्ररीत कोष्टक आहे. एकोणीस एकांचा मात्र मूळ आहे, ते अलीकडे सिद्ध झालं. पुण्याला आलात तर दाखवतो."

मी गेलो. गिरणीतून रजा काढून, खास तेवढ्यासाठी पुण्याला गेलो. त्यांनी ते इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर उघडून ठेवलं आणि तासाला निघून गेले. बारीक टाइपात ओळीच ओळी होत्या. त्यातली एक सतरा एकांची. पहिला अवयव वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. दुसरा पाचशे छत्तीस कोटींच्या घरातला. प्राध्यापक परत आल्यावर मी विचारलं, हे कधी सापडलं. त्यांनी सांगितलं ते साल माझ्या जन्माच्या आधीचं होतं. "तुम्ही हाताने किती गेला होतात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा," आणि घड्याळाकडे पाहिलं.

घरी आलो तेव्हा बायको शेंगा फोडत बसली होती. मी टोपी खुंटीला लावली आणि म्हणालो, "सापडला."

तिने काय सापडलं हे विचारलं नाही. "किती?" एवढंच म्हणाली.

मी आकडा सांगितला. तिचे हात थांबले. ती मनात वजाबाकी करत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

"म्हणजे दीड लाखावर होता," ती म्हणाली. "गणपतीपर्यंत आला असता की."

"तुला आठवत होतं तर."

"होतं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत भिंतीपाशी बसला असतात. परत कोणीतरी दारात आलं असतं." तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग विचारलं, "तुम्ही फोडलात का तो?"

"नाही. पुस्तकात आहे. आपण सुरुवात करायच्या कितीतरी आधीपासून आहे."

तिने सूप बाजूला ठेवलं. "मग आपण चार वर्षं काय करत होतो?"

वर्गात एखाद्या मुलाने हे विचारलं असतं तर मी स्वतः शोधण्याचं महत्त्व वगैरे सांगितलं असतं. तिला ते सांगायची मला लाज वाटली. त्या चार वर्षांत आम्ही दोघं एका खोलीत बसून एकमेकांशी बोलत होतो, हे मला म्हणता आलं असतं. तेही मी म्हणालो नाही. ती सूप घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत जेवणाच्या सुट्टीत मी एका रद्दी कागदावर ते दोन अवयव मांडले आणि गुणाकार केला. कोष्टकं छापणाराही चुकू शकतो, अशी कुठेतरी आशा होती. बेरीज करताना उजवीकडून एक आला, मग दुसरा एक, मग तिसरा. पाचसहा एक येईपर्यंत माझा हात भरभर चालत होता. पुढे तो मंदावला. शेवटपर्यंत सगळे एकच आले, कुठे खोट नव्हती. मला आनंद झाला नाही, रागही आला नाही. भोंगा वाजला, दुसऱ्या पाळीची माणसं फाटकाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी खिडकी उघडली.